आखाजीची गाडी, सव्वा महिन्याचे बाळ आणि मोठी भावंडे

चैत्र लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. शाळेच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, माहेरचे निरोप येऊ लागलेले असतात आणि खानदेशात पारा ४३-४४ अंशांच्या पुढे सरकू लागलेला असतो. या वेळी चार पत्रे मुद्दाम एकत्र घेतली आहेत, कारण चारही घरांत नुकतेच बाळ जन्मले आहे आणि चारही घरांत त्याच्याआधीची मुले आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : मी मूळची अमळनेर तालुक्यातली, लग्नानंतर सुरतेला उधना भागात राहते. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा आणि आता हे तिसरे बाळ. बाळंतपण सुरतेलाच, नैसर्गिकरीत्या झाले. बाळाचे जन्माचे वजन पावणेतीन किलो होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी बाळ ४६ दिवसांचे होईल. आई म्हणते, तिन्ही लेकरांना घेऊन ये. सासूबाई म्हणतात, एवढ्या उन्हात तान्ह्या जिवाला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही. मुलीने मात्र आखाजीच्या गौराईची गाणी आतापासूनच म्हणायला घेतली आहेत. जावे की न जावे, आणि गेल्यास तीन मुलांना घेऊन गाडीचा प्रवास कसा करावा?

उत्तर : ताई, सासूबाईंचे म्हणणे आधी विचारात घेऊ, कारण त्यांची काळजी अगदी योग्य आहे. सव्वा महिना बाळंतिणीने घरात राहावे, या चालीच्या पोटात दोन शहाण्या गोष्टी आहेत : आईच्या शरीराला विसावा मिळावा आणि बाळाला गर्दीतल्या आजारांची बाधा होऊ नये. योगायोग असा, की सव्वा महिना संपतो त्याच सुमारास बाळाची पहिली मोठी लसही येते. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस पूर्ण झाले की पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या लसींचा पहिला डोस द्यायचा असतो. तेव्हा माझे स्पष्ट मत असे, की लस घेतल्याशिवाय निघू नका आणि लस घेतल्या दिवशीही निघू नका. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस बाळाला ताप येऊ शकतो, मांडी दुखते, ते किरकिरते. तो काळ घरातच जाऊ द्या. ४२ व्या दिवशी लस, मध्ये दोन-तीन दिवस विश्रांती आणि आखाजीच्या आदल्या दिवशी प्रवास, असे जुळत असेल तर जा. त्या आठवड्यात लसीकरणाचा दिवस जुळला नाही, तर आखाजीनंतर चार दिवसांनी जा. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी चार दिवसांनीही तितकीच गोड लागते, आणि आईला हे तुम्हीच समजावून सांगू शकाल.

लसीचे कार्ड सोबत ठेवा. माहेरी महिनाभर राहिलात तर दहा आठवड्यांचा डोस अमळनेरलाच घ्यावा लागेल. तो कोणत्याही सरकारी केंद्रात कार्ड दाखवून विनामूल्य मिळतो. “सुरतेला परतल्यावर बघू” म्हणून तो पुढे ढकलू नका.

आता गाडीविषयी. पहाटे किंवा रात्री निघणारी आणि सकाळी दहाच्या आत अमळनेरला उतरवणारी गाडी निवडा, बाकीच्या सोयी त्यानंतर पाहा. दुपारी नंदुरबार ओलांडल्यावर दोंडाईचा-शिंदखेड्याच्या पट्ट्यात डब्याचा पत्रा जो तापतो, तो तुम्ही लहानपणापासून अनुभवला आहे. परवडत असेल तर वातानुकूलित डब्याचे तिकीट काढा, मात्र थंड हवेचा झोत येतो त्या जागेखाली बाळाला ठेवू नका. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग त्याला स्वतंत्र जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी जागा हवी असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. मुलीचे पूर्ण तिकीट तर काढाच, पण माझा आग्रह आहे की तीन वर्षांच्या मुलासाठीही जागा घ्या. मांडीवर एक, शेजारी अंगावर पेंगणारे दुसरे आणि समोर उठून जायला बघणारे तिसरे, अशा अवस्थेत पाच तास काढणाऱ्या कित्येक आया मी पाहिल्या आहेत. त्या माहेरी पोहोचतात तेव्हा बोलायचेही त्राण त्यांच्यात उरलेले नसते.

बाळाला प्रवासात दर दोन तासांनी, आणि त्याने मागितले तर त्याआधीही, अंगावर पाजा. उन्हाळा आहे म्हणून चमचाभर पाणी, ग्लुकोज किंवा घुटी देण्याचा सल्ला डब्यातल्या शेजारणीपासून माहेरच्या काकूपर्यंत सर्वजणी देतील. तो ऐकू नका. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी लागत नाही, वैशाखातही नाही. पाणी तुम्हाला लागते. पाजायला बसलात की आधी स्वतः पेलाभर पाणी प्या, एवढी सवय लावून घ्या. मध एक वर्षापर्यंत चाटवूही नये, कारण त्यातून लहान बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

बाळाला एकच पातळ सुती झबले पुरते. उन्हाची झळ लागू नये म्हणून दुपट्यात गुंडाळून वरून तोंडावर ओढणी टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे; त्या ओढणीखाली हवा कोंडते आणि बाळ बाहेरच्यापेक्षा अधिक तापते. सावली छत्रीने करा, कापडाने नको. दिवसाकाठी सहा वेळा तरी बाळाने लघवी केली पाहिजे. लंगोट कोरडे राहू लागले, टाळू खोल गेली, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा हाक मारूनही ढिम्म पडून राहिले, तर कोणाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. इतक्या लहान बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरगुती उपाय करत बसू नये.

अमळनेर स्थानकावरून गावापर्यंत भाऊ जीप घेऊन येईल, असे तुम्ही लिहिले आहे. जीप उन्हात उभी असेल तर आधी दारे उघडून हवा जाऊ द्या. बाळासाठी वेगळे आसन मिळाले तर उत्तम. त्याला पर्याय नाही. नसेलच, तर निदान पुढच्या सीटवर बसू नका, मागे बसा, पट्टा फक्त स्वतःला लावा आणि त्याच पट्ट्यात बाळाला घेऊ नका, कारण धक्का बसला तर तुमचा सगळा भार त्याच्यावर येईल. भावाला गाडी सावकाश चालवायला सांगा. पिशव्या मात्र तुम्ही उचलायच्या नाहीत, हे सर्वांना आधीच बजावून ठेवा. प्रवासानंतर अंगावरून जाणे एकाएकी वाढले, ताप आला किंवा पोटरीत एका बाजूला दुखून सूज आली, तर ते थकव्यामुळे आहे असे समजू नका, तपासून घ्या.

माहेरी धाब्याची जुनी खोली असेल तर दिवसा तीच बाळंतिणीला द्यावी. पत्र्याच्या नव्या खोलीपेक्षा ती पुष्कळ थंड असते. रात्री अंगणात बाज टाकून झोपायला हरकत नाही, पण मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी, कारण डासांइतकीच विंचवाचीही काळजी घ्यायची असते. घागर भरण्याच्या दिवशी घरात पाहुणे असतील आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरेल. हात धुतल्याशिवाय बाळ घ्यायचे नाही, त्याचे मुके घ्यायचे नाहीत आणि सर्दी-खोकला असलेल्याने लांबूनच पाहायचे, हे तुमच्या आईने सांगितले तर कोणाला वाईट वाटणार नाही.

आणि आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी थांबले, ते मुलीचे वाक्य. गौराईची गाणी ती आतापासून म्हणते आहे. या प्रवासात तिला “बाळाला सांभाळणारी ताई” करू नका. तिला तिचे काम द्या : बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी स्थानके वहीत लिहून ठेवण्याचे. नवापूरचे स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, फलाटावरून राज्यांची सीमा जाते, हे तिला आधी सांगा आणि गाडी तिथे उजेडी पोहोचत असेल तर खिडकीतून दाखवा. धाकट्यासाठी दशम्या, केळी, मुरमुरे आणि त्याचे नेहमीचे एखादे खेळणे पुरे आहे. गावी पोहोचल्यावर गौराईच्या वेळी बाळ अर्धा तास आजीकडे देऊन तुम्ही मुलीच्या झोक्याजवळ जाऊन उभ्या राहा. बाळ तेवढ्यात रडले तर आजी बघेल. तिने तुम्हाला वाढवले आहे.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते त्यामागे माझ्या घरातली एक आठवण आहे. माझे दुसरे बाळ दोन महिन्यांचे असताना आम्ही माहेरून परतत होतो. भुसावळच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना एका बाईंनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला नाव विचारले. ती म्हणाली, “मी बाळाची ताई.” आम्ही सर्वांनी कौतुकाने हसून घेतले. रात्री घरी आल्यावर, पाण्याची बाटली छातीशी तशीच धरून, तिने मला विचारले, “आई, माझं नाव बदललं का?” दोन महिने घरातल्या एकानेही तिला तिच्या नावाने हाक मारली नव्हती. मीसुद्धा नाही. त्या रात्री मी तिला जवळ घेतले, पण ते दोन महिने मला परत आणता आले नाहीत. तुमच्या घरात मोठ्या मुलीला तिच्याच नावाने हाक मारा, आणि माहेरीही सर्वांना तसे सांगा.

प्रश्न : मी यावल तालुक्यातली आजी आहे. लेक बाळंतपणाला आली आहे, बाळ वीस दिवसांचे आहे. थोरला नातू चार वर्षांचा. दोन वर्षांपासून अंथरूण ओले करत नव्हता, तो आता रोज करतो. बाळाला चिमटा काढतो, आईला पाजताना पाहिले की रडतो, स्वतःलाही पाजायला सांगतो. त्याला महिनाभर त्याच्या दुसऱ्या आजोबा-आजींकडे पाठवावे, असे सर्व म्हणत आहेत. पाठवू का?

उत्तर : मावशी, पाठवू नका. त्याने काहीही वाईट केलेले नाही. आई वेगळ्या खोलीत गेली, तिच्या बाजेजवळ कोणी जाऊ देत नाही, तिच्या कुशीत दुसरेच कोणी झोपते आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच वळतो, एवढे त्याने पाहिले आहे. बाळ झाले की आईचे लक्ष मिळते, म्हणून तो पुन्हा बाळ होऊन पाहतो आहे. अशा वेळी त्याला दुसऱ्या गावी पाठवले, तर बाळ आले म्हणून आपल्याला घराबाहेर काढले, हीच त्याची समजूत पक्की होईल आणि परत आल्यावर चिमटे वाढतील.

अंथरूण ओले झाले तर काही न बोलता बदला. खाली प्लास्टिकचे कापड अंथरा आणि चारचौघांत त्याचा उल्लेखही करू नका. बहुतेक मुलांची ही सवय काही आठवड्यांत आपोआप जाते. लघवी करताना जळजळ होते असे तो म्हणाला, किंवा सारखी तहान लागून तो सुकू लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दिवसातून अर्धा तास लेकीने बाळ तुमच्याकडे देऊन केवळ त्याच्याबरोबर घालवावा. त्या वेळात गोष्ट सांगणे, डोक्याला तेल लावणे, भाकरीचा घास भरवणे, त्याला आवडेल ते करावे. वेळ मात्र रोज तीच असावी, म्हणजे तिची वाट पाहता येते. पाजायला मागितले तर रागावू नका. जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला की बहुतेक मुले तेवढ्यावर समाधान पावतात.

येणाऱ्या बायकांचे एक वाक्य मात्र बंद करा. “आता तुझी आई तुझी नाही राहिली, बाळाची झाली,” असे म्हणून पोराला चिडवायची आणि त्याचे रडवेले तोंड बघून हसायची आपल्याकडे जुनी सवय आहे. म्हणणाऱ्यांच्या मनात काही नसते, पण चार वर्षांचे मूल ते शब्दशः खरे मानते. तुम्ही घरातल्या मोठ्या आहात. दारातच थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. बाळासाठी झबली-टोपडी घेऊन येणाऱ्यांनी आधी थोरल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढेही सांगून बघा.

त्याला बाळाची छोटी कामे द्या, धुतलेली दुपटी घडी घालायला बोलवा, पण बाळाजवळ त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. चिमट्याची भीती त्यात सर्वांत कमी आहे. प्रेमाने तो बाळाच्या तोंडात शेंगदाणा किंवा फुटाणा घालील, आणि तो श्वासनलिकेत अडकला तर काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. बाळाला मोठ्या भावंडाच्या कुशीतही झोपवू नका. वेगळ्या, घट्ट अंथरुणावर, पाठीवर, उशीशिवाय झोपवा. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी ठेवण्याची गरज नाही. वावडिंग-ओव्याची धुरीही बंद करा, असे मी आदराने सांगते. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो, आणि दारात उभा राहून खोकणारा थोरलाही तोच धूर ओढत असतो.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. पुढच्या वेळी त्या बाळाचे वजन करतील, तेव्हा थोरल्यालाही त्यांच्याजवळ बसवा आणि त्याचेही वजन करून घ्या. त्याचा आकडा बाळापेक्षा कितीतरी मोठा येईल आणि तो तो दिवसभर सर्वांना सांगत फिरेल.

प्रश्न : आम्ही साक्री तालुक्यात राहतो. मुलगा व्हावा म्हणून नव्हे, तर पत्नी सुखरूप सुटावी म्हणून सप्तशृंगी गडाचा नवस बोललो होतो. बाळ दोन महिन्यांचे आहे, मोठ्या मुली सहा आणि चार वर्षांच्या. चैत्राच्या यात्रेत मोटारसायकलवरून गडावर जाऊन बाळाचे जाऊळ काढावे, असा विचार आहे. सल्ला द्यावा.

उत्तर : भाऊ, नवसामागची भावना वाचून बरे वाटले, आणि म्हणूनच सरळ सांगते : मोटारसायकलवरून नेऊ नका. एका दुचाकीवर पाच जीव घाटात नेणे हा धोका आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा नियमाने बंधनकारक आहे. दोन महिन्यांच्या बाळाला तर बसेल असे हेल्मेटच नसते. नवस फेडायला देवीने तारीख घातलेली नाही. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर खानदेशातून पायी आलेल्या भाविकांची जी गर्दी उसळते, तीत तान्हे बाळ गुदमरेल.

साडेतीन महिन्यांच्या लसी होऊ द्या, पावसाळा सरू द्या आणि थंडी लागण्यापूर्वी एखाद्या गर्दी नसलेल्या दिवशी एसटीने जा. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, चार वर्षांच्या मुलीला तिकीट लागत नाही, सहा वर्षांच्या मुलीचे अर्धे लागते. म्हणजे पेट्रोलच्या हिशेबातही फार फरक पडणार नाही. मोठ्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, तिथे पत्नीला निवांत पाजता येईल. गडावर आता पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने वर जाता येते, त्यामुळे तिलाही चढण पडणार नाही. जावळासाठी कोरे पाते स्वतः घेऊन जा आणि ते आपल्यासमोर उघडायला लावा. मुलींना या नवसात काय वाटा आहे, तेही ठरवा. ओटीचे ताट एकीच्या हाती आणि नारळ दुसरीच्या हाती द्या.

प्रश्न : भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत राहतो. बाळ एक महिन्याचे आहे. घरातले म्हणतात, कूलर लावला की बाळाला सर्दी होईल. मोठी दोन मुले तर कूलरशिवाय झोपत नाहीत. काय करावे?

उत्तर : कूलर लावा. पंचेचाळीस अंशांच्या गावात बाळाला गरम खोलीत ठेवणे हे गार हवेपेक्षा जास्त धोक्याचे आहे, कारण लहान बाळाला आपल्यासारखा घाम येत नाही. झोत थेट त्याच्या अंगावर नको. तो मोठ्या मुलांच्या बाजूला फिरवा आणि समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. बाळाच्या पोटाला किंवा मानेमागे हात लावून पाहा. हात-पाय थोडे गार लागले तरी चालतात, पोट कोमट असले की झाले. कूलरच्या वायरीला आणि ओल्या जाळीला मोठ्या मुलांनी हात लावू नये, म्हणून पुढे खुर्ची आडवी लावा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासा आणि दिवसभर कोरडी पडू द्या. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.